दोन केमो बाकी
कोलकात्याला ऑफिसच्या कामाने गेलात, तर न्यू मार्केटजवळच्या मार्क्विस स्ट्रीटवर एक चक्कर माराच. मनी चेंजर, ढाक्याच्या बसचं काउंटर, औषधांची दुकानं, स्वस्त हॉटेलं, सगळं एकमेकाला खेटून. या भागाला ‘मिनी बांगलादेश’ म्हणतात. भर्ता-भात तर एकदम झकास!

जुलै 2024च्या सुरुवातीला तिथेच एका टेबलावर खुलन्याचे काका भेटले. मांडीवर रिपोर्टची जाडजूड फाइल. मुकुंदपूरच्या हॉस्पिटलात काकूंच्या सहापैकी चार केमो झाल्या होत्या. ‘पैशांची सोय करून, नवा व्हिसा काढून तीन आठवड्यांत येतो,’ मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले. नंबरांची देवाणघेवाण झाली. बनगाव लोकलने दोनेक तास, मग पेट्रापोल, की आलंच घर!

पण त्याच महिन्यात तिकडे संचारबंदी लागली. 5 ऑगस्टला शेख हसीना देश सोडून भारतात आल्या. दोन्ही देशांत बिनसलं आणि भारताचे व्हिसा आटले. तातडीच्या पेशंटनाही मोजकेच मिळत होते.

जानेवारी 2025मध्ये मी परत गेलो, तर गल्ली ओळखूच येईना. बसच्या काउंटरवरचा पोऱ्या चक्क पेंगत होता. राहवलं नाही, काकांना मेसेज टाकला.

‘उरलेल्या दोन ढाक्यात झाल्या, पण दोन महिने उशिरा. स्कॅन पुढच्या महिन्यात,’ उत्तर आलं. पाठोपाठ दुसरं, ‘भर्ता अजून तसाच मिळतो का?’

मी थाळीचा फोटो पाठवला. दुसरं काय करणार?