रफ वही

रफ वहीला कव्हर कुणी घालत नाही. तिच्यावर नाव असलं तर असतं, विषय कधीच नसतो, आणि ती तपासायला कुणी मागत नाही. जूनमध्ये मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं काढायची, एकावर एक रचायची आणि दाभणानं टोचून जाड दोऱ्यानं शिवायची, ही आमच्या घरातली रीत. त्यामुळे एकाच वहीत एकरेघी, दुरेघी, चौकटीची अशी सगळी पानं नांदायची. पुढं मी तीसेक वर्षं मराठी शिकवलं, ते पाठ्यपुस्तकापेक्षा या वहीच्या जोरावर.

पण खोडून पुन्हा लिहिणं मी पाहिलं ते त्याही आधी, पाटीवर. आमचं गाव नळदुर्गच्या बाजूचं. वडिलांची शाळा निजामाच्या अमलात उर्दूतून झालेली, देवनागरी त्यांनी मागाहून पोथ्यांवरून गिरवली. सोलापूरच्या गिरणीत असलेल्या काकांना पत्र लिहायचं तर ते आधी माझी पाटी मागून घ्यायचे. कार्ड वाया जायला नको. मजकूर पाटीवर लिहायचा, आईला वाचून दाखवायचा. ती चुलीपुढून म्हणायची, "एवढं रडगाणं कशाला? बैल विकला एवढंच लिहा. बाकीचं त्यांला कळतंय." मग वडील ओल्या बोटानं दोन ओळी पुसायचे. मी पाहिलेली पहिली संपादक ही अशी, सहीच्या जागी अंगठा उठवणारी.

शाळेत मात्र निबंध फळ्यावरून वहीत उतरायचा. 'माझी सहल' सगळ्यांची एकच, आणि सहलीला गेलेलं कुणीच नाही. 'पावसाळ्यातील एक दिवस'मध्ये आम्ही कागदाच्या होड्या सोडायचो. होडी तरंगावी एवढं पाणी आमच्या गल्लीतून वाहिलेलं मला आठवत नाही. आमचा पावसाळा म्हणजे बांधावर उभं राहून आभाळाकडं बघणारी माणसं, पेरणीचं बी उधार देणारा दुकानदार आणि दुबार पेरणीवरून घरात चाललेली कुजबुज. यातलं काही निबंधात घालायचं असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. शिक्षकांनाही नसावं.

उमरग्याच्या बाजूला एका हायस्कूलात मी नोकरीला लागलो आणि काही वर्षांतच 30 सप्टेंबर 1993ची पहाट आली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं बसली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचा थर दिलेली जड माळवदं, तीच अंगावर आली. सुमारे दहा हजार माणसं गेली. पुढं सहामाही परीक्षेचे पेपर निघायला लागले तेव्हा त्यांत 'भूकंपग्रस्ताचे मनोगत' हा विषय आला, आणि बघता बघता तो गाईडांतही छापून आला.

पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी आठवीतली एक मुलगी तोच निबंध लिहून घेऊन आली. 'धरणीमाता कोपली, क्षणात होत्याचं नव्हतं झालं.' अक्षर मोत्यासारखं, शुद्धलेखन चोख. जिच्या घराचा ढिगारा झाला तिनं स्वतःचं मनोगत गाईडातून उतरवलं होतं! वही परत करताना तिची रफ वही खाली पडून उघडली. मागच्या पानावर यादी होती: परात 1, तांबे 3 (एक चेपलेला), जातं अर्धं. आजोबा ढिगाऱ्यातून एकेक वस्तू काढून सांगत होते आणि ही लिहून घेत होती. मी एवढंच विचारलं, "जातं अर्धं कसं?"

दुसऱ्या दिवशी तिनं पानभर लिहून आणलं. जात्याची खालची तळी सापडली, वरची सापडली नाही. आजोबांनी खालची तरीही घेतली, आणि शेजारच्यांनी का घेतली म्हणून विचारलं तर ते तिच्यावरच चिडले. त्या खर्ड्यातून धरणीमाता आपोआप गेली होती. मग मी विचारलं, वरची पाळू शोधायला कोण कोण होतं? तिसऱ्या खर्ड्यात तिच्या आईबद्दल एक ओळ आली. त्यापुढं मी काही विचारलं नाही. मुलांकडून अनुभव लिहून घेणाऱ्या मास्तराला कुठं थांबायचं ते कळलं पाहिजे. नाहीतर ती चौकशी होते.

त्याच सुमारास मला उमगलं की स्वतःचं जगणं स्वतःच लिहिण्याचं हे काम आपल्याकडे होऊन गेलेलं आहे. 1982 साली लातूर वेगळा होईपर्यंत आमचा उस्मानाबाद जिल्हा अखंड होता. त्या जुन्या जिल्ह्याच्या उदगीर भागातले प्र. ई. सोनकांबळे मिलिंद महाविद्यालयात शिकले. बाबासाहेबांच्या संस्थेनं 1950 साली औरंगाबादला काढलेलं हे कॉलेज. त्यांचं आत्मकथन 'आठवणींचे पक्षी' 1979ला आलं. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड, त्यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला 1988चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आणि गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' हे नियतकालिक तर ज्यांच्या घरात लिहिण्याची रीत नव्हती अशा पोरांना 'तुझं लिही' म्हणत उभं राहिलं. अमेरिकेत डोनाल्ड मरे नावाच्या पत्रकार-प्राध्यापकानं 1972 साली मांडलं की लेखन तयार वस्तू म्हणून शिकवू नका, घडण्याची प्रक्रिया म्हणून शिकवा. मी ते फार उशिरा वाचलं. वाचताना वडिलांची पाटी आठवली.

वर्गात मग मी एक पद्धत बसवली. पहिला खर्डा रफ वहीतच लिहायचा आणि त्याला लाल पेन लावायचा नाही. शेजारच्यानं तो मोठ्यानं वाचायचा, लिहिणाऱ्यानं ऐकायचं, कारण आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी अडखळलं की लगेच कळतं. ऐकणाऱ्यानं 'छान आहे' म्हणायचं नाही, एक प्रश्न विचारायचा. शुद्धलेखन शेवटच्या दिवशी. 'माय भाकरी करायली' असं कुणी लिहिलं तर बोलण्यातलं वाक्य तसंच ठेवायचं, निवेदनाचं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पालकांच्या तक्रारी आल्या. बोर्डाच्या पेपरात दुसऱ्या खर्ड्याला कुठं वेळ असतो, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. माझ्याकडे उत्तर एवढंच की ज्यानं दहा वेळा खोडलंय त्याला अकराव्या वेळी पहिलं वाक्य कमी फसवतं.

कळंबकडून आमच्या शाळेत आलेल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या एका मुलानं 'माझी सहल'मध्ये सज्जनगड लिहिला होता. पाहिलेला नव्हता. रफ वहीत दुसरा खर्डा आला तो कर्नाटकातल्या कारखान्याकडं निघालेल्या ट्रॅक्टरचा. "तू कुठं बसला होतास?" "भांड्याच्या पोत्यावर. शेळी मांडीवर." ते लिही, म्हटलं. त्यानं लिहिलं: रात्रभर टेपवर लागलेली गाणी, घाटात आजीचं देवीला हात जोडणं, उजाडल्यावर कुणाच्या तरी घमेल्यातून मिळालेला चहा. शेवटी मात्र तेच, 'अशा प्रकारे आमची सहल आनंदात पार पडली.' हे वाक्य काढ, म्हणालो. तो अडून बसला. "पण सर, मजा आलती." मी वाक्य राहू दिलं. हल्ली गरिबाच्या पोराच्या दुःखाला बऱ्यापैकी गिऱ्हाईक आहे. स्पर्धेत बक्षीस मिळतं, टाळ्या मिळतात. पोरांना हे लगेच कळतं आणि तीही मागणीप्रमाणे रडकं लिहून देतात. तो निबंधही गाईडातलाच, फक्त गाईड वेगळं.

जानेवारी 2020मध्ये उस्मानाबादला साहित्य संमेलन भरलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. संमेलननगरीला तेरच्या गोरोबाकाकांचं नाव दिलं होतं. तिथं फिरताना ती जुनी कथा मनात घोळत होती. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणं घेऊन जमलेल्या संतांची डोकी पारखली. बाकीच्यांनी निमूट मार सोसला, नामदेव तेवढे कुरकुरले, म्हणून ते कच्चं मडकं ठरले. परमार्थात हा निवाडा बरोबर असेल. काकांशी वाद घालण्याची माझी पात्रता नाही. पण निबंधाच्या तासाला मला निमूट बसणाऱ्यांचा काही उपयोग नसतो. लागलं की 'लागलं' म्हणणारा हवा असतो, आणि अजून ओला हवा असतो, म्हणजे आकार बदलता येतो.

आता निवृत्त आहे. मुलं मोबाइलवर लिहून पाठवतात. मोबाइलवर खोडलेलं दिसत नाही, याची मला अडचण होते. आधी काय होतं ते कळल्याशिवाय का बदललं ते कसं कळणार? म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवा, असं सांगतो. 2025च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला आणि परांडा-भूमकडच्या शिवारांत पाणी घुसलं. टँकरची वाट बघण्यात हयात गेलेल्या जिल्ह्यात पोरांना 'पूरग्रस्ताचे मनोगत' लिहायची वेळ आली. दहावीतल्या एकीचा फोटो आला, 'निसर्गाने रौद्र रूप धारण केले.' मी विचारलं, पाणी उतरल्यावर वह्यांचं काय केलंत? दोन दिवसांनी तिचा निरोप आला: "सर, वह्या पत्र्यावर वाळत घातल्या होत्या, ते लिहू का सोयाबीनचं लिहू? दोन्ही एका निबंधात बसंना."

आधी दोन्ही लिही, असं कळवलं. काय कापायचं ते तुझ्या आईला वाचून दाखवल्यावर ठरव.