दिवा लागला का?

वेब टेक्नॉलॉजीच्या व्हायव्हाला एक प्रश्न हमखास येतो : "ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट तुमच्या सी ड्राइव्हवरची फाइल परस्पर उघडू शकते का?" आपण छाती पुढे काढून "नाही सर" म्हणतो, सर मान डोलावतात आणि पुढच्या रोल नंबरला हाक मारतात. पण त्याच्या पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. तो असा, की मग नवीन पनवेलमधल्या सेवा केंद्रात वेबपेजवरचं एक बटण दाबल्यावर यूएसबीला लावलेल्या अंगठ्याच्या यंत्राचा दिवा कसा लागतो?

मित्रांनो, हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नावर आहे. मेसच्या आमटीत डाळ शोधण्यापेक्षा त्याचं उत्तर शोधणं सोपं निघालं.

आधी थोडी उजळणी. वेबपेज म्हणजे होस्टेलवर आलेला पाहुणा. त्याने व्हिजिटर्स रूममध्ये बसावं, गप्पा माराव्यात, पण वर खोलीत जाऊन कुणाचं कपाट उघडू नये. याउलट आपण कम्प्यूटरवर इन्स्टॉल केलेला कम्पाइल्ड प्रोग्रॅम म्हणजे किल्ली असलेला रहिवासी. यंत्राचा ड्रायव्हर, यूएसबी पोर्ट, हार्ड डिस्क, सगळीकडे त्याची ये-जा. आता पाहुण्याला रहिवाशाकडून काम करून घ्यायचं असेल तर मधे कुठेतरी दार हवं. ते केवढं उघडावं, या एका प्रश्नावर आपल्या क्षेत्रातल्या लोकांनी जवळजवळ तीस वर्षं घालवली आहेत.

पहिली दारं १९९६ साली बसली. नेटस्केप ३ मध्ये लाइव्हकनेक्ट आलं आणि पानावरची जावास्क्रिप्ट थेट जावा ॲपलेटच्या मेथड्स बोलावू लागली. त्याच वर्षी इंटरनेट एक्सप्लोरर ३ मध्ये ॲक्टिव्हएक्स आलं. ॲपलेटला निदान पिंजरा तरी होता, ॲक्टिव्हएक्सचा कंट्रोल म्हणजे सरळ विंडोजचा कम्पाइल्ड कोड, वापरणाऱ्याचे सगळे हक्क खिशात घालून आलेला. सर्वांत भारी गंमत पुढेच आहे. एखादा कंट्रोल स्क्रिप्टमधून बोलावणं सुरक्षित आहे की नाही, हे कोण ठरवणार? तर तो कंट्रोल लिहिणारा! त्याने स्वतःच "मी सुरक्षित" अशी खूण करायची आणि ब्राउझरने ती मानायची. आपला पेपर आपणच तपासायचा, अशी सोय युनिव्हर्सिटीने केली तर निकाल काय लागेल ते सांगायला नको. तसाच तो लागला.

दक्षिण कोरियाने तर बँका आणि सरकारी कामं वर्षानुवर्षं ॲक्टिव्हएक्सवर चालवली, आणि त्यातून बाहेर पडताना त्यांच्या नाकी नऊ आले. आपल्याकडेही ई-टेंडर भरताना डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वाचायला ॲपलेट लागायचे. मग एकेक दार बंद होत गेलं. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जुने प्लगइन पूर्ण बंद केले, २०१८ च्या जावा ११ मधून ॲपलेट चालवणारा प्लगइनच गेला, आणि जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त झाला. आमच्या लॅबमध्ये कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं नाही.

पण दार बंद केल्याने गरज संपत नाही ना! पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत मिळतात, आणि त्यासाठी ई-केवायसी सक्तीची आहे. ती अंगठा देऊन करायची तर यंत्र ब्राउझरला दिसलं पाहिजे.

यावर यूआयडीएआयने जो तोडगा काढला, तो मला फार आवडला. प्रत्येक यंत्राबरोबर आरडी सर्व्हिस नावाचा एक छोटा कम्पाइल्ड प्रोग्रॅम येतो आणि तो त्याच कम्प्यूटरवर एका छोट्या सर्व्हरसारखा बसून राहतो. पत्ता १२७.०.०.१, म्हणजे आपलंच घर. पोर्ट ११,१०० ते ११,१२० यांपैकी एखादा. वेबपेजवरची स्क्रिप्ट या एकवीस दारांवर ओळीने टकटक करते, "आरडीसर्व्हिस आहे का कुणी?" जिथून ओ येते तिथे "डिव्हाइसइन्फो" म्हणून यंत्राची माहिती विचारते आणि मग "कॅप्चर" म्हणते. यंत्राचा दिवा लागतो, बोट ठेवलं जातं, आणि पानाच्या हातात येतं ते एक कुलूपबंद पार्सल. आतला नमुना २५६ बिटांच्या एईएस किल्लीने बंद केलेला असतो आणि ती किल्ली पुन्हा यूआयडीएआयच्या २,०४८ बिटांच्या आरएसए सार्वजनिक किल्लीने. म्हणजे पानाने "बोट घे" म्हणायचं, पण बोट बघायचं नाही. पार्सल उचलून पुढे पोहोचवायचं, बस. पाहुण्याने खिडकीतून चिठ्ठी दिली, रहिवाशाने बंद डबा दिला, खोलीत कुणी गेलंच नाही. हे मला ॲक्टिव्हएक्सपेक्षा शंभर पटींनी शहाणपणाचं वाटतं.

कागदावर हे सगळं झकास आहे. प्रत्यक्षात काय होतं ते २०२५ च्या नोव्हेंबरात बघायला मिळालं.

होस्टेलवरून स्टेशनकडे जाताना एक सेवा केंद्र लागतं. आम्ही तिथे झेरॉक्सला आणि जातीच्या दाखल्यांच्या प्रिंटला जातो, त्यामुळे दादांची ओळख. त्या दिवशी गर्दी होती. भातकापणी नुकतीच उरकलेली, शेतीच्या एका योजनेचा हप्ता जवळ आलेला. नेऱ्याच्या बाजूचे एक आजोबा खुर्चीत बसून यंत्रावर अंगठा दाबत होते आणि दादा म्हणत होते, "आजोबा, नीट ठेवा. पुसून ठेवा. जरा जोरात दाबा." आजोबांनी अंगठा धोतराला पुसला, बाहेर जाऊन नळाखाली धुतला, परत आले. स्क्रीनवर तेच लाल अक्षरात, बायोमेट्रिक अयशस्वी. त्यांच्या मागच्या दोन बायकांना आधीच "हात घासलेत तुमचे, आधार अपडेट करून या" असं सांगून परत पाठवलं होतं.

आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हंजे माजा बोट गेला का रं?"

मी बोटाकडे बघतच नव्हतो, यंत्राकडे बघत होतो. त्याचा दिवा लागतच नव्हता. दादा कॅप्चर दाबत होते, दोन सेकंदांत लाल अक्षरं येत होती, आणि एवढ्या वेळात काचेखाली एकदाही उजेड नाही. ज्या यंत्राला कुणी बोलावलंच नाही, ते बोट नापास कसं करणार?

"दादा, सकाळी काही वेगळं आलं होतं का स्क्रीनवर?"

"काही नाही रे. एक खिडकी आली इंग्लिशमध्ये, उपकरणं शोधायची परवानगी द्यायची का वगैरे. मी ब्लॉक केलं. उगाच व्हायरस नको."

अडचण तिथेच होती. २०२५ च्या अखेरीस ब्राउझर नवी परवानगी विचारू लागले होते : इंटरनेटवरून आलेलं पान तुमच्या नेटवर्कशी किंवा तुमच्याच कम्प्यूटरवरच्या प्रोग्रॅमशी बोलू पाहतंय, बोलू द्यायचं का? एकदा नाही म्हटलं की एकवीसही दारं त्या पानापुरती बंद. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर जाऊन परवानगी दिली, पान पुन्हा उघडलं, दिवा लागला. आजोबांचा उजवा अंगठा तरीही गेला नाही, कारण तो खरोखरच घासलेला होता. डाव्या हाताचं मधलं बोट तिसऱ्यांदा लागलं. परत गेलेल्या दोघींचे नंबर दादांच्या वहीत होते, त्यांना त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. एकीने उचलला.

आता कुणी म्हणेल, हा ब्राउझरवाल्यांचा आगाऊपणा. मला तसं वाटत नाही. जुलै २०१९ मध्ये झूमचं प्रकरण गाजलं होतं. मॅकवर झूम इन्स्टॉल केलं की ते गुपचूप एक लोकल सर्व्हर बसवायचं, आणि कुठल्याही अनोळखी वेबपेजने त्याला हाक मारली की तुम्ही थेट मीटिंगमध्ये, बऱ्याचदा कॅमेरा चालू! झूम काढून टाकलं तरी तो सर्व्हर मागे राहायचा. शेवटी ॲपलला तो परस्पर काढून टाकावा लागला. तेव्हा १२७.०.०.१ वर कोण टकटक करतंय हे माणसाला विचारायलाच हवं. प्रश्न बरोबर आहे, फक्त तो रांगेतल्या पंधरा माणसांकडे बघत काम करणाऱ्या माणसाला, त्याच्या नसलेल्या भाषेत, एकदाच विचारला जातो.

आणि माझा खरा राग आहे तो पान लिहिणाऱ्यावर (नाव नको). यूआयडीएआयच्या मसुद्यात कोड स्वच्छ दिलेले आहेत : ७०० म्हणजे बोट येण्याआधी वेळ संपली, ७१० म्हणजे यंत्र दुसऱ्याच प्रोग्रॅमच्या ताब्यात, ७२० म्हणजे यंत्र तयार नाही, ७३० म्हणजे बोट घेता आलं नाही. आणि सर्व्हिस सापडलीच नाही तर कोडच येत नाही, नुसती शांतता. या सगळ्यांना एकाच एल्समध्ये कोंबून "बायोमेट्रिक अयशस्वी" लिहिणाऱ्याने चार ओळी वाचवल्या आणि त्या बायकांना आधार केंद्राच्या रांगेत पाठवलं. दाराच्या अलीकडे काही बिघडलं काय आणि पलीकडे बिघडलं काय, आपल्या पानाला सगळं सारखंच. आरोपी मात्र कायम बोट!

(ज्युनिअर्सनी कंटाळून वेबअसेंब्लीचं नाव घेऊ नये. ते डिसेंबर २०१९ पासून डब्ल्यूथ्रीसीचं मानक आहे, सी++ कम्पाइल करून पानात आणता येतं, खरं. पण तो रहिवासी व्हिजिटर्स रूममध्ये येऊन बसतो आणि येताना खोलीची किल्ली बाहेर ठेवतो. यूएसबीला हात लावायला त्यालाही जावास्क्रिप्टचंच तोंड बघावं लागतं.)

या सेमिस्टरला आमच्या चौघांच्या ग्रुपचा मिनी प्रोजेक्ट यावरच आहे. पानाला खोटी उत्तरं देणारी नकली आरडी सर्व्हिस आम्ही सी++ मध्ये लिहिली आहे आणि तिच्यापुढे एक साधं पान. पान आधी विचारतं, सर्व्हिसने ओ दिली का. मग, यंत्र तयार आहे का. बोटाचं नाव सगळ्यांत शेवटी. "बोट" हा शब्द ७३० आल्याशिवाय स्क्रीनवर येताच कामा नये, हा नियम आम्ही कोडच्या पहिल्याच ओळीत कॉमेंट म्हणून लिहून ठेवलाय. पहिल्या दोन संदेशांचं मराठी पक्कं झालं : "यंत्राशी बोलणं झालं नाही. तुमच्या बोटाचा दोष नाही." आणि "यंत्र जोडलेलं नाही. वायर बघा." तिसऱ्यावर अजून भांडण चालू आहे. आमच्यातल्या एकाला "बोट घासलेलं आहे" हवंय, मला "दुसरं बोट लावून बघा." दादांना विचारलं, तर ते म्हणाले, काय लिहायचं ते लिहा, पण अक्षर मोठं ठेवा.