पडद्यावरची रेघ

नळदुर्ग हे आमचे गाव. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे हे गाव धाराशिव जिल्ह्यात आहे. त्या काळी या जिल्ह्याला उस्मानाबाद जिल्हा म्हणत. बोरी नदीच्या काठावरचा मोठा किल्ला ही गावाची ओळख.

आमच्या घरी एक जुना कृष्णधवल टीव्ही होता. तो म्हणजे आजीची सोबत. पाय मोडल्यापासून आजी अंथरुणालाच खिळली होती. संध्याकाळ झाली, की ती आम्हाला टीव्ही लावायला सांगे. बातम्या, मालिका, शेतीचे कार्यक्रम, सारे काही ती आवडीने पाही.

१९९५ सालचा जून महिना होता. एका संध्याकाळी टीव्हीवरचे चित्र अचानक नाहीसे झाले. पडद्याच्या मधोमध एक आडवी, उजळ रेघ तेवढी उरली. आवाज मात्र स्पष्ट येत होता. एका दुरुस्ती करणाऱ्याने दुरूनच पाहून सांगितले, "पिक्चर ट्यूब गेली. नवी घालावी लागेल." खर्चाचा आकडा ऐकून बाबा गप्प झाले. पेरणी तोंडावर आली होती. घरात पैसे होते, ते बियाण्यांचे. आजी म्हणाली, "राहू दे रे टीव्ही. आधी पेरणी कर."

दोन दिवसांनी सोलापूरहून मामा आले. रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करणे हाच त्यांचा व्यवसाय होता. त्यांनी टीव्ही लावला, रेघ पाहिली आणि लगेच पडद्यावरचा उजेड कमी केला. मग ते हसून म्हणाले, "दाजी, ट्यूब गेली असती, तर ही रेघ तरी दिसली असती का?"

त्यांनी मला सारे समजावून सांगितले. ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर येतो. तो डावीकडून उजवीकडे रेघा ओढत वरून खाली उतरतो. ६२५ रेघांचे एक चित्र होते आणि एका सेकंदात अशी २५ चित्रे उमटतात. झोताला वरून खाली नेणारा भाग बंद पडला, की साऱ्या रेघा एकाच जागी पडतात. म्हणजे बिघाड त्या एका भागातच होता.

मामांनी वायर काढली आणि मला दूर बसवले. "टीव्ही बंद केला, तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्टची वीज साठून राहते. हे काम येत नसेल, त्याने झाकण उघडू नये," ते म्हणाले. आधी त्यांनी साठलेली वीज काळजीपूर्वक काढून टाकली. मग ब्रशने धूळ झाडली आणि भिंगातून एकेक जोड तपासला. रोज तापून आणि थंड होऊन एका जोडाला केसाएवढा तडा गेला होता. मामांनी कथील वितळवून तो जोड पुन्हा पक्का केला.

टीव्ही लावताच रेघ पसरली आणि पडदाभर चित्र आले. आजी म्हणाली, "बरे झाले बाई, माणसे परत आली!" बियाण्यांचे पैसे शिल्लक राहिले. त्याच आठवड्यात बाबांनी तूर आणि उडीद पेरला.

पिक्चर ट्यूबचे टीव्ही आता क्वचितच दिसतात. मामांची रीत मात्र मला आजही उपयोगी पडते. एखादी वस्तू बिघडली, की तिच्यातले काय बंद आहे हे तर मी पाहतोच. पण काय चालू आहे, हे आधी पाहतो.