ते दोघे सॅपर

युद्धाच्या कथा वाचताना आपली दृष्टी निशाण रोवणाऱ्याकडे वळते. त्याच्या आधी वाट करून देणारा सहसा नजरेस पडत नाही. 6 जून 1944 रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्या. ओमाहा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुळणीवर जर्मनांनी लोखंडी अडसर उभारून त्यांवर सुरुंग बांधले होते. भरती चढण्यापूर्वी ते उडवून मागून येणाऱ्या नावांस वाट मोकळी करावयाची, हे काम अमेरिकन अभियंता दलाकडे होते. समोरून गोळ्यांचा मारा, पाठीमागून चढते पाणी, आणि हाती सुरुंगाच्या दारूची पुडकी! कित्येक तरुण तेथेच पडले.

आपल्या मुलखात या पेशाचे माहेरघर म्हणजे पुण्यानजीकची खडकी. तेथील बॉम्बे सॅपर्सच्या परंपरेतले राम राघोबा राणे यांचे नाव तुम्हांस ठाऊक असेलच. जन्म 1918 साली, कारवारकडील चेंदिया गावी. 1940 साली ते फौजेत शिरले, ब्रह्मदेशच्या लढाईत होते, आणि पुढे सेकंड लेफ्टनंट झाले. एप्रिल 1948 मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या फौजेस रस्ता खुला करून देण्याचे काम त्यांच्या तुकडीवर आले. वाटेत सुरुंग पेरलेले, पाईनचे वृक्ष आडवे पाडलेले, मोऱ्या उडविलेल्या. 8 तारखेपासून 11 तारखेपर्यंत, स्वतः जखमी असता, त्यांनी ही वाट मोकळी केली. रणगाडे चिंगसपर्यंत पोहोचले व 12 तारखेस राजौरी हाती आली. त्यांस परमवीरचक्र मिळाले. हे सर्व आम्ही आठवीच्या वर्गात दरवर्षी सांगतो, आणि मुले कान देऊन ऐकतात.

राण्यांच्या गौरवपत्रात आरंभीच एक वाक्य आहे. 8 तारखेस सकाळी अकराच्या सुमारास राणे व त्यांची माणसे रणगाड्यांजवळ काम सुरू होण्याची वाट पाहत असता शत्रूच्या तोफगोळ्यांनी तुकडीतील दोघे ठार व पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे एक. गतवर्षी हे वाचून दाखविताना एका मुलीने विचारले, "सर, पाचांतले एक राणे. मग ते दोघे कोण?"

प्रश्न लहान, पण आम्हांस पुढील धडा वाचवेना. गौरवपत्र एकाच मनुष्याच्या पराक्रमाचे असते. त्यात इतरांची नावे नाहीत म्हणून त्यास बोल लावता येत नाही. तथापि त्या दोघांविषयी सांगावे तरी काय? राण्यांस पराक्रमासाठी चार दिवस लाभले. या दोघांचा हात पहिल्या सुरुंगास लागण्यापूर्वीच सर्व संपले. त्यांच्या नावावर एकही काढलेला सुरुंग नाही, एकही उडविलेला अडसर नाही. बोलावले त्या जागी, बोलावले त्या वेळी ते हजर होते, एवढेच.

आमच्या भिवंडीत हे समजावयास अवघड जाऊ नये. बाजारात ताक्याचे मोल होते. कांडी भरणाऱ्यास कोण विचारतो? पालकांपैकी अनेकांनी हे आयुष्यभर अनुभविले आहे. परंतु कांडीवाला संध्याकाळी घरी येतो. ते दोघे कोणाच्या तरी दारी यावयाचे राहिले, आणि तेथे कोणी तरी नावानेच त्यांस हाका मारीत असेल. 'दोघे ठार' असे नव्हे.

दिल्लीस इंडिया गेटजवळ 25 फेब्रुवारी 2019 रोजी राष्ट्रीय युद्धस्मारक खुले झाले. स्वातंत्र्यानंतर रणात पडलेल्यांची नावे तेथील त्यागचक्राच्या दगडी भिंतींवर कोरलेली आहेत. ती पंचवीस हजारांहून अधिक आहेत. येत्या नाताळच्या सुटीत आपल्या शाळेची सहल दिल्लीस जावयाची आहे. कार्यक्रमपत्रिकेत कुतुबमिनारास दोन तास व स्मारकास अर्धा तास घातला होता. तो आम्ही बदलून घेतला असून, 1948 सालच्या नावांपाशी थांबावयाचे ठरले आहे. त्या मुलीने वही बरोबर घ्यावी, असे तिच्या वडिलांस कळविले आहे.