केळणेकाठचे भोगवर्धन

फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या तीरावर वसलेल्या व्हिएन या लहानशा नगरात सम्राट ऑगस्टस आणि लिव्हिया यांचे रोमन देवालय भर चौकात उभे आहे, आणि तेथील रहिवाशांचा नित्यव्यवहार दोन सहस्र वर्षांच्या त्या स्तंभांच्या छायेतच चालतो. असे भाग्य आपल्या मुलखाला कोठले, असे हसनाबादेत ज्याला वाटत असेल, त्याने आपल्याच तालुक्याच्या कसब्याला, भोकरदनला, जाऊन केळणेच्या काठी घटकाभर उभे राहावे.

सांची आणि भरहूत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या नावांशी ज्या भोगवर्धन नगराचे नाव शिलांकित झाले, ते सातवाहनकालीन नगर हेच. निजामाच्या अमदानीत येथील जमिनींची मोजणी झाली, महसूल दफ्तरात चढला. परंतु पांढरीच्या पोटातील वैभवाला उजेड दिसण्यास १९७३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी डॉ. शां. भा. देव व डॉ. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. मणी, खापरे यांसमवेत हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती मिळाली; कमरेपासून वरचा भाग भंगलेला, पण दोन्ही बाजूंच्या दासी आपापल्या जागी उभ्या!

आता विस्मयाची गोष्ट अशी, की इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरीत १९३८ साली जी सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याही दोहों बाजूंना अशाच दासी आहेत, आणि घोट्यापासून वर चढत गेलेल्या तोड्यांची रांग तिच्या पायांत आहे. या दोन मूर्तींचे साम्य इतके निकटचे आहे, की पाँपेईच्या मूर्तीची जन्मभूमी दक्षिणापथ असावी, असे काही विद्वान मानतात. ज्या नदीकाठच्या कारागिरांचे हात असे, त्या काठाने कोणत्याही रोमन नगरापुढे संकोचण्याचे कारण नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच, की पांढरीची माती शेतात वा भिंतीसाठी वाहून नेऊ नका; नांगराच्या फाळाला एखादे चित्रित खापर, एखादा मणी लागला, तर तो विकू नका, तहसील कचेरीत वर्दी द्या. आपल्या पूर्वजांचे दफ्तर मातीतच लिहिलेले आहे, आणि त्याची नक्कल कोणत्याही कचेरीत मिळत नाही.