शेवटचा येईपर्यंत

वर्ध्याबाहेर पडणाऱ्या रस्त्यांना माणसाच्या पावलांची ओळख जुनी आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून सेगावला राहायला गेले ते पायी, ऐन उन्हाळ्यात. त्याच सेगावचं पुढे सेवाग्राम झालं. दुसऱ्या अंगाला, नागपूर रस्त्यावर पवनार. १९३८ साली प्रकृती पार ढासळलेले विनोबा तिथे धाम नदीच्या काठी आले, रोज थोडी थोडी जमीन खणत त्यांनी शरीर पुन्हा उभं केलं, आणि १९५१ मध्ये तिथूनच दिल्लीची वाट पायी धरली. भूदानासाठी गावोगाव हिंडून ते पवनारला परतले १९६४ साली. सेवाग्राम काय आणि पवनार काय, वर्ध्यापासून दोन्ही आठेक किलोमीटर. मी धावते ते याच दोन रस्त्यांवर. धावण्यात माझा काही पराक्रम नाही. वय चाळिशीच्या पुढे गेल्यावर हे वेड लागलं आणि आता हिवाळा जवळ आला की पायांना आपोआप शर्यतीचे वेध लागतात.

आमच्याकडे धावण्याचं साल हिवाळ्यापुरतं असतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा पहाटे पाचलाही रस्ता गरमच लागतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला असा धरतो की पाय उचलेनासा होतो. दिवाळी सरली की मग हवा बदलते. तुरी पिवळ्या फुलांनी भरतात, कापसाची वेचणी चालू असते, आणि उजाडायच्या आत मजूर बायांनी भरलेले ऑटो शेतांकडे निघतात. स्वेटरवर शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल, मांडीवर डबा. त्या आमच्याकडे बघतात, आम्ही त्यांच्याकडे. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या त्या बायांच्या अंगात जो दम असतो, त्याला कोणी पदक देत नाही, हे मला दर वेळी जाणवतं.

शर्यतीच्या दिवशी तोच रस्ता वेगळा दिसतो. मैदानावर अंधारातच लाउडस्पीकर सुरू झालेला असतो, मंचावर कोणीतरी झुम्बा करवून घेत असतं. थंडीनं बोटं आखडलेली असतात, आणि छातीवर नंबराचं बिब लावायच्या त्या चार सेफ्टी पिना काही केल्या लागत नाहीत. मग शेजारची मुलगी न विचारता पुढे होते, कापड चिमटीत धरते, चारही कोपरे ताठ करून देते आणि म्हणते, “झालं काकू.” तिचं नाव मला माहीत नसतं, माझं तिला. पण पुढचे दोन-अडीच तास आम्ही एकाच वाटेचे असतो. सेवाग्राम आणि सावंगीच्या मेडिकल कॉलेजांतली पोरं, बँकेतले, शिक्षक, निवृत्त झालेले काका, कापडी बुटातली शाळकरी मुलं असे सगळे एका दोरीमागे दाटीनं उभे राहतात. क्रिकेटच्या मैदानावर हौशी माणूस कसोटी खेळणाऱ्याशेजारी कधी उभा राहणार नाही. रस्त्यावरच्या शर्यतीत मात्र पहिला येणारा आणि शेवटचा येणारा एकाच क्षणी, एकाच रेषेवरून निघतात. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

सगळ्यात पुढे असतात भरतीची पोरं. देवळी, सेलू, समुद्रपूर, आर्वीकडच्या खेड्यांतून आलेली, सडपातळ, बोलायला संकोचणारी. यांचं धावणं आणि माझं धावणं एका रस्त्यावर असलं तरी एका जातीचं नाही. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत ५० गुण असतात. मुलांसाठी त्यांतले २० गुण एकट्या १६०० मीटरच्या धावेचे. मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. मुलांचं पाच-साडेपाच मिनिटांत काय ते ठरून जातं. घरची दोन-चार एकर कोरडवाहू, कापसाचा भाव, बहिणीचं लग्न, आईचं औषध, हे सगळं त्या चार फेऱ्यांवर लागलेलं असतं. तिथे नुसतं पोहोचून भागत नाही, वेळेत पोहोचावं लागतं. मी दमले तर चालू शकते, थांबून पाणी पिऊ शकते. त्यांना ती मुभा नाही. दहा किलोमीटरची शर्यत जिंकून तीच पोरं बक्षिसाच्या पैशातून बूट घेतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मैदानावर हजर असतात. त्यांच्याशेजारी उभं राहिलं की माझी हौस ही केवढी चैन आहे, हे कळतं. आणि चैन असेल तर ती मान राखून करावी, एवढं मी मनाशी ठरवलं आहे.

शिट्टी वाजते, टायमिंगच्या चटईवर चिपांचा टीं-टीं आवाज होतो आणि गर्दी सुटते. पहिले दोन किलोमीटर सगळ्यांनाच पंख फुटलेले असतात. खरं काम तेव्हाच असतं: स्वतःला आवरण्याचं. आपलं शरीर स्नायूंत आणि यकृतात जी साखर साठवून ठेवतं ती साधारण तीसेक किलोमीटर पुरते, वेग वाढवला तर त्याहूनही लवकर सरते. चरबीचा साठा अफाट असतो, पण तो जळतो सावकाश. म्हणून लांब पल्ल्याचं धावणं हे शेतकऱ्याच्या घरातल्या धान्याच्या कणगीसारखं आहे. पुढचं पीक हाती येईपर्यंत रोजचं माप ठरवूनच काढावं लागतं. जो सुरुवातीला हात राखतो तोच पोहोचतो. पुढे निघून गेलेल्यांकडे न बघता आपल्या दमानं जात राहणं ऐकायला सोपं वाटतं. करायला ते फार अवघड आहे, आणि ते जमलेल्या दिवसाचं समाधान घड्याळातल्या वेळेपेक्षा जास्त टिकतं.

नालवाडी मागे पडते आणि दोन्ही बाजूंना शेतं सुरू होतात. इथे आवाज बदलतो. लाउडस्पीकर विरतो, गप्पा थांबतात, उरतो तो बुटांचा एकसारखा ठेका आणि शेजाऱ्याचा श्वास. डावीकडे फुटलेल्या कापसाची पांढरी रांग आणि तिच्याजवळून पॉलिस्टरच्या टी-शर्टात धावणारे आम्ही. कापूस घाम धरून ठेवतो, ओला होऊन जड होतो आणि तासाभरात कातडी सोलतो. त्यामुळे कापसाच्या जिल्ह्यातल्या माणसालाही शर्यतीत सुती कापड वर्ज्य करावं लागतं. पवनारच्या पुलापाशी धामेचे काळे खडक दिसतात. याच पात्रात गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या. पलीकडे विनोबांचा आश्रम. पुलावर वाऱ्याला गारवा असतो, आणि तिथूनच मागे फिरायचं असतं.

परतीचे किलोमीटर लांब होतात. ऊन खांद्यावर येतं, पोटरीत गोळा उठतो, मीठ सुकून कपाळावर खरखर जाणवते. सेवाग्रामच्या रस्त्यावर शर्यत असली तर अशा वेळी झाडं सांभाळतात. २०२० साली रस्ता रुंद करण्यासाठी तिथली जुनी झाडं तोडायला सुरुवात झाली तेव्हा वर्धेकर त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरले होते. गाडीत बसणाऱ्याला झाड हे देखावा असतं. चालणाऱ्या-धावणाऱ्याला ते पुढचा टप्पा असतं: त्या कडुनिंबापर्यंत, मग त्या चिंचेपर्यंत. पंधरा-वीस पावलांची सावली म्हणजे काय, हे अठराव्या किलोमीटरला जितकं कळतं तितकं एरवी कळत नाही.

आणि माणसं. पाण्याच्या टेबलाशी उभी शाळेची मुलं ग्लास पुढे करून आपल्याबरोबर चार पावलं धावतात, म्हणजे आपल्याला थांबावं लागू नये. संत्र्याच्या फोडीला मीठ लावून ठेवलेलं असतं. कारंजा-आष्टीकडची संत्री, साल सोलताच हाताला वास राहणारी. ती फोड दाताखाली फुटते, आंबट-गोड-खारट रस एकदम घशात उतरतो, आणि मेलेले पाय पुन्हा आपले होतात. टपरीवर बसलेली म्हातारी माणसं चहा खाली ठेवून टाळ्या वाजवतात. एकदा डोक्यावर मोळी घेतलेली एक आजी रस्त्याकडेला थांबली आणि मला म्हणाली, “आलंच जी बाई, जवळच हाय आता!” तिचं ओझं माझ्यापेक्षा किती जड होतं! तरी धीर तिनं मला दिला.

मोठ्या शहरांतल्या शर्यतीही पाहिल्या. नागपुरात माणसांचा पूर लोटतो. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, आता ती जानेवारीत भरते. पूर्ण मॅरेथॉनमध्ये सी-लिंकवरून समुद्र ओलांडायचा आणि सगळं बळ सरत आलेलं असताना, चौतीस-पस्तिसाव्या किलोमीटरच्या सुमाराला, पेडर रोडचा चढ समोर येतो. तिथे परकी माणसं घरातून बिस्किटं, केळी, खडीसाखर घेऊन उभी राहतात, बिबवरचं नाव वाचून हाक मारतात. ४२.१९५ किलोमीटर हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमधून आला. पण तो पुरा करतात ती माणसं अशा अनोळखी हाकांवर.

आपल्या मातीतलं धावणं तर त्याहून साधं होतं. १९१९ साली पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी लांब पल्ल्याच्या शर्यती धावली आणि ते पाहून दोराबजी टाटांनी भारताचे खेळाडू ऑलिम्पिकला पाठवायचं मनावर घेतलं. पुढच्याच वर्षी अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. भारताच्या ऑलिम्पिकच्या वाटचालीत शेतकऱ्याच्या पोरांचे पाय असे पहिल्यापासून आहेत. वर्ध्याच्या मैदानावर पहाटे फेऱ्या मारणारी पोरं त्यांच्याच घरातली आहेत. त्यांना धड मैदान, पाणी आणि वाट दाखवणारा शिक्षक मिळाला पाहिजे. भरती होवो न होवो, त्यांच्या पायांतली ताकद वाया जाता कामा नये.

मला जे म्हणायचं आहे ते शर्यतीच्या शेवटाबद्दल आहे. आमच्याकडे साडेआठला बक्षीस वाटप सुरू होतं. पाहुणे भाषण करतात, फोटो निघतात, नऊपर्यंत मंडप रिकामा होतो. शेवटच्या रेषेवरची हवा भरलेली कमान खाली बसवली जाते, पाण्याची टेबलं उचलली जातात, रस्ता वाहनांना मोकळा होतो. आणि त्या वेळी अजून काही जण वाटेवर असतात. सत्तरीचे एक काका, नुकतीच बाळंतपणातून उठलेली कोणी, जन्मात पहिल्यांदाच एकवीस किलोमीटर निघालेला एखादा जाड मुलगा. त्यांनी पहिल्या आलेल्या पोराइतकंच अंतर तोडलेलं असतं. उन्हात ते त्याच्यापेक्षा जास्त वेळ राहिलेले असतात. साऱ्या शर्यतीत सर्वांत जास्त वेळ धीर धरला तो त्यांनी.

१९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींनी आगगाडीत रस्किनचं पुस्तक वाचलं आणि १९०८ मध्ये ‘सर्वोदय’ नावानं त्याचं सार गुजरातीत मांडलं. शेवटच्या माणसाला वगळून भलं होत नाही, हा त्याचा गाभा. त्या विचारानं ज्या गावात घर केलं, तिथल्या शर्यतीनं तरी शेवटचा धावणारा आल्याशिवाय कमान उतरवू नये. यात खर्च काही नाही. पाण्याचा एक कॅन, एक पदक आणि दहा माणसांच्या टाळ्या एवढंच लागतं. आम्ही काही जणांनी आता तसा रिवाज पाडला आहे. आपलं धावणं झालं की चपला घालायच्या, उलट्या दिशेनं रस्त्यावर जायचं, आणि जो येत असेल त्याच्या बाजूनं चालत यायचं. बोलायचं नसेल तर बोलायचं नाही. भरतीची पोरंही हल्ली येऊ लागली आहेत. पहिलं बक्षीस घेतलेला मुलगा सत्तरीच्या काकांच्या पावलाला पाऊल लावून चालतो, त्यांच्या हातातली बाटली आपल्याकडे घेतो.

धावायला लागलेल्या कोणीही मला विचारलं, पहिल्या शर्यतीला काय तयारी करू, तर बूट, आहार, सराव हे सगळं सांगून झाल्यावर मी एवढं आवर्जून सांगते: पदक गळ्यात पडलं की घरी जायची घाई करू नका. अजून कोणीतरी यायचं आहे.