सम नसलेलं गाणं

तबल्याच्या ठेक्यावर वाढलेला माझा कान. पुण्याच्या कॅम्पातल्या एका हौशी कॉयरमध्ये आल्टोंच्या रांगेत बसले, ग्रेगोरिओ आलेग्रीचं ‘मिझेरेरे’ हातात आलं आणि मी सम शोधू लागले. ती नव्हतीच. प्रत्येकीने आपापला एक स्वर धरायचा, त्यावर शब्दांमागून शब्द म्हणत जायचं. ओळ संपत आली की सगळे स्वर हलतात आणि एकत्र विसावतात. मात्रा कुणी मोजत नाही. “मोजू नकोस गं, शब्द म्हण,” शेजारच्या आंटी म्हणाल्या. पण शब्द लॅटिन!

‘मिझेरेरे’चे शब्द बायबलमधल्या ५१व्या स्तोत्राचे, म्हणून घरी मराठी बायबलमध्ये ते उघडलं. दावीद राजाने बथशेबेच्या मोहापायी तिच्या नवऱ्याला लढाईत मरायला धाडलं. नाथान संदेष्ट्याने ते तोंडावर सांगितलं, तेव्हाचा हा धावा, अशी परंपरा. समर्थांची करुणाष्टकं लहानपणी पाठ केलेली. हा अनुताप ओळखीचा निघाला. मग श्वास कुठे घ्यायचा तेही उमगलं. अर्थ थांबतो तिथे.

लॅटिन पुण्याला परकं, हा माझा समजही टिकला नाही. सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ मध्ये सिटी चर्च उभं राहिलं आणि कॅथलिकांची उपासना तेव्हा लॅटिनमध्येच होत असे.

सर्वांत गोंधळ झाला तो स्वरांच्या घर्षणाने. मी माझा स्वर धरून ठेवते, तेवढ्यात दुसरी अगदी लगतच्या स्वरावर येते. तानपुऱ्यावर शिकलेल्या कानाला ते बेसूरच वाटतं. पण ते मुद्दाम आहे: पुढच्याच क्षणी एक स्वर खाली उतरतो आणि ताण सुटतो. पश्चात्तापाची वेदना मला तिथे ऐकू येते. लोक सोप्रानोच्या उंच ‘सी’साठी कान टवकारतात, तो तर पुढच्या काळातल्या प्रतींमधून शिरला. आलेग्रीने सतराव्या शतकात रोमच्या सिस्टिन चॅपेलसाठी लिहिलं, ते या घर्षणावर आणि संथ पाठावर उभं आहे. १७७० मध्ये चौदा वर्षांच्या मोझार्टने तिथे ऐकून ते कागदावर उतरवलं, हे त्याच्या वडिलांच्या पत्रात आहे.

गुड फ्रायडेच्या आठवड्यात मराठी स्तोत्र समोर ठेवून हे ऐका, आणि मध्येच उठू नका. पाच आवाजांचा एक वृंद, चार आवाजांचा दुसरा, आळीपाळीने गात असतात. नऊही आवाज एकत्र येतात ते फक्त शेवटी.